‘वाडा चिरेबंदी’ : एकत्र कुटुंबाचा जमाखर्च

एकत्र कुटुंब हा विषय मराठी वाङ्मयास नवा नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्यें त्यांतील स्त्रीचें दुःख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मांडिलें. श्री. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकाकडे मात्र पडत्या वाड्याचें शोकगीत म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. आम्हांस हा अभिप्राय अपुरा वाटतो.

विदर्भांतील एका खेड्यांत देशपांड्यांच्या घरीं तात्याजी निवर्तले आहेत. मुंबईहून सुधीर व अंजली आलीं आहेत. दारांत ट्रॅक्टर गंजतो आहे. शोक आहे, पण नाटककाराची नजर कोण राबतो आणि कोण ठरवितो, इकडे अधिक आहे. धाकटा चंदू घरचीं सारीं कामें उपसतो. त्याचें मत कोणी विचारीत नाहीं. प्रभेस पुढें शिकूं दिलें नाहीं. वहिनी एका रात्रीं घराण्याचे दागिने अंगावर घालते. पुढें तेच घेऊन रंजू पळून जाते. घराण्याचा मान म्हणजे शेवटीं काय, हें या दोन प्रसंगांत उघड होतें.

भंडारा जिल्ह्यांत मोहाडीकडील धानाच्या मुलखांत हें मर्म सहज उमगावें. रोवणी आली म्हणजे चिखलांत एकाच वेळीं पुष्कळ हात लागतात. घर एकत्र राहण्याचें तें एक रोकडें कारण. परंतु धान केव्हां विकावें हें ओसरीवर ठरतें, आणि रोवणीचे हात तेथें क्वचितच बसलेले असतात.

एक उणीव सांगितली पाहिजे. नाटकांतील पात्रें सारीं घरचींच आहेत. ज्यांच्या घामावर वाडा उभा राहिला, ते शेतमजूर रंगभूमीवर येत नाहींत. जमाखर्चाचें तें पान कोरेंच राहिलें आहे.

१९९४ सालीं महाराष्ट्रानें व २००५ सालीं केंद्रानें कायदा बदलून कन्येस एकत्र मिळकतींत जन्मतः हक्क दिला. प्रभेचा प्रश्न सुटला, असें कोणी म्हणेल. पण तिनें शिक्षण मागितलें होतें. जमिनीचा तुकडा मागाहून मिळाल्यानें गेलेलीं वर्षें भरून येत नाहींत.

वाचकांनीं हें नाटक घरांत सर्वांनीं मिळून मोठ्यानें वाचावें; आणि वाचन चालूं असतांना चहा करावयास कोण उठतें, तेंही पाहावें.