जिओ सोडलं, पण निकाल वाचला का?

मंडळी, आज आपण शिवाजी पेठेत बसलोय, तेव्हा उदाहरण कोल्हापूरचंच घेऊ. २८ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नांदणीच्या जैन मठाची याचिका फेटाळली आणि त्याच रात्री महादेवी हत्तीण जामनगरच्या वनताराकडे निघाली. पुढचे आठ दिवस आपल्या मोबाईलवर दुसरं काही नव्हतं. हत्तिणीच्या डोळ्यांतलं पाणी, निरोप देणाऱ्या बायका, आणि ‘जिओ सोडा’. गंमत बघा, ‘जिओ सोडा’ हा मेसेज आपल्यापैकी कित्येकांनी जिओच्याच नेटवरून पुढे ढकलला! मग सिम पोर्ट करणं सुरू झालं. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर, सुमारे ४५ किलोमीटरची मूक पदयात्रा निघाली. ६ ऑगस्टला वनताराने जाहीर केलं की महादेवीला परत आणण्याच्या अर्जाला आमचा पाठिंबा आहे आणि नांदणी भागात पुनर्वसन केंद्र उभारायलाही मदत करू. पेठेच्या भाषेत, नाद खुळा.

हे यश आम्हाला कमी लेखायचं नाही. पण त्यात एक गोष्ट खटकते, ती सांगायला हवी.

त्या आठवड्यात आपला टीव्हीवर विश्वास नव्हता, आणि संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. नेटवर्क१८ समूह २०१४ पासून रिलायन्सच्या ताब्यात आहे, वनताराही अंबानी कुटुंबाचाच प्रकल्प. बातमीचा मालक कोण, हे विचारलंच पाहिजे. पण व्हॉट्सॲपवर आलेल्याला आपण काय विचारलं? मुंबई उच्च न्यायालयाचा १६ जुलैचा निकाल किती जणांनी उघडून पाहिला? त्यात पेटाची तक्रार आहे, उच्चाधिकार समितीची शिफारस आहे, हत्तिणीच्या प्रकृतीचे अहवाल आहेत. तिच्या चांगल्या जगण्याच्या हक्काला धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा वरचं स्थान दिलंय. हे सगळं एकांगी आहे म्हणा, मठाची बाजू नीट ऐकली नाही म्हणा, वाद घालायला जागा आहे. पण आपल्या ग्रुपवर ते आलंच नाही. तिथली गोष्ट सोपी होती : अंबानींना हत्ती पाहिजे होता, नेला. आम्हीही ती पुढे पाठवली, खोटं कशाला बोला.

टोलच्या वेळचं आठवा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे पुढे होते, आणि कट्ट्याकट्ट्यावर वाद चालायचा तो कराराचा. रस्ते किती किलोमीटर, खर्च किती, ३० वर्षं टोल कशापायी? विरोध करणाऱ्याला कागद माहीत असायचा.

आणि ७ जून २०२३ विसरून चालणार नाही. मोबाईलवरच्या स्टेटसवरून शिवाजी चौकात गर्दी जमली आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या दुकानांवर, घरांवर दगड पडले. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, सरकारने इंटरनेट बंद केलं. नेट परत आलं. शेजारपाजारचा विश्वास एवढ्या लवकर येत नाही. मोबाईल तोच होता, जो दोन वर्षांनी पदयात्रेत खिशात होता. नांदणीतही २८ जुलैच्या रात्री पोलिसांच्या गाड्यांवर दगडफेक झालीच. ३ ऑगस्टला मात्र मठ होता, गावोगावची ओळखीची माणसं होती, जबाबदारी घेणारं कुणीतरी होतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. दक्षिण कोरियात २००८ साली अमेरिकन गोमांसाच्या आयातीविरुद्ध लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. एमबीसी वाहिनीवरच्या एका कार्यक्रमाने भीती पेटवली, इंटरनेटवरच्या चर्चांनी ती पसरवली. राष्ट्राध्यक्षांना माफी मागावी लागली. सरकारने कार्यक्रम करणाऱ्यांवर खटला भरला. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, पण कार्यक्रमातला काही भाग खोटा होता हेही नोंदवलं. लोकांना न विचारता करार केला, हा राग खरा होता. त्याला पुरवलेली माहिती अर्धी कच्ची. आम्हाला हा निकाल फार जवळचा वाटतो. खोटं छापलं म्हणून तुरुंगात टाकायचं नाही, आणि राग खरा आहे म्हणून खोट्याला खरंही म्हणायचं नाही. हे आपल्या ग्रुपवर जमेल का? ॲडमिन मंडळींपैकी काही जण इथं बसलेत, त्यांनाच विचारतोय.

१६ जुलैच्या निकालाची प्रत आम्ही आणलीय. तिकडे चहाच्या टेबलावर ठेवलीय. इंग्रजीत आहे, पण दोघंतिघं मिळून बसलात तर तासाभरात मराठीत सांगता येईल. पहिली पानं कोण घेतंय?