साथीला फ्रीज

संगीतात किराणा, जयपूर, ग्वाल्हेर अशी घराणी आहेत, तसं आमचंही एक आहे. 'बंद कर रे ते आता' घराणं. आम्ही लहान असताना रेडिओ सिलोन लावला की वडील हे वाक्य म्हणायचे. पुढे मी ते अनेकांना म्हटलं आणि आता भाच्याला म्हणतो. सूरही ठरलेला आहे, पांढरी चार. तीन पिढ्या एका श्रुतीचा फरक नाही.

भाचा नोकरीच्या निमित्तानं गेलं दीड वर्ष आमच्याकडे राहतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या खोलीच्या बाजूनं आवाज यायला लागला. टुक टुक टुक टुक, आणि मधूनच एक लांबलचक घूंऽऽऽ. मला वाटलं, इन्व्हर्टर गेला. बॅटरी घेऊन जिन्याखाली जाऊन आलो. इन्व्हर्टर शांत. मग फ्रीजला कान लावला, पाण्याच्या पंपाला लावला. शेवटी भाच्याच्या दारावर टकटक केली. तीसुद्धा नकळत त्याच ठेक्यात पडली.

"हे काय आहे?"

"मामा, हे १९७८ चं आहे."

"मग दुरुस्त करून घे."

तर असा माझा या संगीताशी परिचय झाला. याला 'मिनिमल सिंथ' म्हणतात. मिनिमल म्हणजे कमीत कमी. हे ऐकून आमची ही म्हणाली, "कमीत कमी आवाजात लावा म्हणावं." पण भाचा चिकाटीचा. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला (म्हणजे उठून जायची सोय संपली) आणि सगळी कुळकथा सांगितली. ती मला संगीतापेक्षा आधी आवडली.

झालं असं, की १९७६-७७ च्या सुमाराला इंग्लंडात पंक संगीताचा धुमाकूळ झाला. पंकवाल्यांचं म्हणणं, गिटारवर तीन कॉर्ड येत असले की बँड काढा. त्यावर काही मुलांच्या मनात आलं की तीन कॉर्ड तरी कशाला शिकायचे? सिंथेसायझर नावाचं यंत्र मिळतंय, त्याला एक बोट पुरतं. पूर्वी हे यंत्र कपाटाएवढं आणि किमतीला घराएवढं होतं. आता जपानी कंपन्यांनी ते टेबलावर मावेल असं काढलं होतं, आणि जुन्या बाजारातही मिळू लागलं होतं. बाकी सामान म्हणजे एक टेपरेकॉर्डर आणि रात्रीची खोली.

लंडनच्या डॅनियल मिलरनं असाच एक वापरलेला कॉर्ग सिंथेसायझर घेतला आणि आईच्या घरी बसून दोन गाणी केली. स्वतःचं नाव ठेवलं 'द नॉर्मल'. गाणी ऐकल्यावर या नावाचं नवल वाटतं. त्यातलं 'वॉर्म लेदरेट' हे जे. जी. बॅलर्ड यांच्या 'क्रॅश' या १९७३ च्या कादंबरीवरून सुचलेलं, म्हणजे मोटारींच्या अपघातांबद्दलचं. पाचशे तबकड्या काढाव्यात असा त्याचा बेत होता. 'रफ ट्रेड' या दुकानानं ऐकून दोन हजार काढायला लावल्या. त्यासाठी छापलेलं 'म्यूट रेकॉर्ड्स' हे नाव पुढे एक मोठी कंपनी झालं. 'म्यूट' म्हणजे मुका. मुलगा मोठा होऊन नाव काढणार हे माहीत नसताना आईबापांनी ठेवलेलं हे नाव आहे.

याच मिलरनं १९८० मध्ये 'सिलिकॉन टीन्स' या चार पोरांच्या बँडची तबकडी काढली. चौघांची नावं छापली. प्रत्यक्षात चौघंही नव्हती. सगळं मिलर एकटाच वाजवत होता. आमच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या यादीत असे कार्यकर्ते असतात, पण ते वाजवत नाहीत.

आता गाण्यांकडे वळतो. हे संगीत ऐकताना पहिली अडचण येते ती आवाजाची. गायक गात नाहीत, सांगतात. तेही पुढल्या स्टेशनाचं नाव सांगावं तसं. आपले कान लागलेले भावगीताला. 'रात्र' म्हटलं की आवाजात रात्र आली पाहिजे. इथे माणूस जगबुडीची बातमीसुद्धा बसचं तिकीट मागावं तशी देतो. आठवडाभर मला वाटत होतं, यांना गाता येत नाही. नंतर लक्षात आलं, खरंच येत नाही. पण त्यांनी ते लपवलेलं नाही, आणि त्यातून एक निराळीच गोष्ट निघाली आहे. मोठ्यानं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज तबकडीवर आला आहे. गायक असे फार. असले आवाज मात्र आपण ऑफिसात ऐकतो, तबकडीवर नाही.

टॉमस लीअरचं 'प्रायव्हेट प्लेन' (१९७८) हे त्याचं उत्तम उदाहरण. गाणं पुटपुटल्यासारखं आहे. मी भाच्याला म्हटलं, "काय पण शैली!" तो म्हणाला, "शैली नाही मामा, घरात मैत्रीण झोपली होती. रात्री रेकॉर्ड करत होता." हे कळल्यापासून मला ते गाणं फार जवळचं वाटतं. चाळीत वाढलेल्या माणसाला याहून जास्त समीक्षा लागत नाही. पलीकडे कोणी झोपलं आहे, आणि आपल्याला तर आत्ताच काहीतरी सुचलं आहे, या पेचातून ते कुजबुजणं आलेलं आहे. भरल्या स्टुडिओत पगारी गायकाला 'हळू गा' सांगून ते येणार नाही.

याच लीअरनं रॉबर्ट रेंटल या मित्राबरोबर १९७९ मध्ये 'द ब्रिज' नावाची तबकडी काढली. तिच्या वेष्टणावर एक सूचना आहे. तिचा भावार्थ असा, की मधूनच येणारे खटके आणि खरखर ही फ्रीजची आणि घरातल्या इतर उपकरणांची आहे, आणि ती या संगीताचाच भाग समजावी. मी हे वाचून उठून उभा राहिलो. आपल्याकडे तबल्याच्या साथीला कोण, पेटीला कोण, हे छापतात. साथीला फ्रीज, असं छापणारे हे पहिलेच. आणि त्यात थट्टा असली तरी सबब नाही. घरात गाणं केलं तर घर ऐकू येणारच, एवढंच ते सांगताहेत.

'द ह्यूमन लीग' हे शेफील्डचे. शेफील्ड पोलादाचं गाव. यांच्यातले दोघे कॉम्प्युटरवर कामाला, तिसरा, फिलिप ओकी, इस्पितळात हमाल. १९७८ चं त्यांचं पहिलं गाणं 'बीइंग बॉइल्ड'. भाच्यानं त्याचा अर्थ जेवणाच्या टेबलावर सांगितला ही त्याची चूक. ते गाणं बुद्धाची वाणी ऐकायला लावतं आणि रेशमासाठी किडे उकळून मारू नका असं बजावतं. आमची ही नेमकी पुतणीच्या लग्नासाठी येवल्याची पैठणी घेण्याच्या तयारीत होती. "काय म्हणतो तो शेफील्डचा?" तिनं विचारलं. भाच्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी धर्म नीट शिक." हे तिनं अंदाजानं म्हटलं, पण पूर्वेकडच्या धर्मांची आपली गल्लत झाली होती हे ओकीनंही पुढे कबूल केलं आहे. पैठणी आली. मात्र परवा ती कपाटात ठेवताना ही 'टुक टुक' करत होती.

गाणं म्हणून 'बीइंग बॉइल्ड' अजून उभं आहे. खालचा सूर एखाद्या कारखान्याच्या दारासारखा उघडतो. तीन वर्षांनी, १९८१ मध्ये, हाच बँड माणसं बदलून 'डोन्ट यू वॉन्ट मी' घेऊन आला आणि जगभर गाजला. तेही गाणं चांगलं आहे. गुळगुळीत आहे. त्यात खोली ऐकू येत नाही.

माझी कसोटी आता एवढीच झाली आहे. खोली ऐकू येते का? कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ओहामा नावाचा एक जण बटाट्याच्या शेतावरच्या घराच्या तळघरात बसून असली गाणी करत होता. त्यात ऐकू येते. सिनसिनाटीच्या जॉन बेंडरनं १९८० मध्ये तबकडी काढली. तिच्यातल्या बऱ्याच गाण्यांना नावंच नाहीत, टेपचे क्रमांक आहेत, रेशन ऑफिसातल्या फायलींसारखे. तीत तर दुसरं काही ऐकूच येत नाही. उलट, यंत्रमानवाचं सोंग घेऊन ताठ आवाजात बोलणारे शेकड्यांनी आहेत. ते पाच मिनिटांत कंटाळा आणतात. यंत्राचं सोंग घ्यायला यंत्र नको, माणूस असूनही जमतं. आमच्या बँकेतल्या खिडकीवर कुणीही जाऊन पाहावं.

यावर भाच्याशी माझं भांडण झालं. त्याचं म्हणणं, यातल्या कित्येक कॅसेटच्या शे-दोनशे प्रती निघाल्या आणि विसरल्या गेल्या, म्हणून त्या मोलाच्या. मी म्हटलं, "अरे, माझ्या कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती निघाल्या. दोनशे ऐंशी अजून माळ्यावर आहेत. येऊ दे की न्यूयॉर्कहून कोणी." दुर्मीळ असणं हा गुण नाही, तो साठ्याचा हिशोब आहे. विसरलेलं सगळंच काही अन्यायानं विसरलेलं नसतं.

न्यूयॉर्क म्हटलं ते उगाच नाही. तिथल्या व्हेरोनिका वासिच्का या बाईंनी हे संगीत शोधून काढायचा ध्यास घेतला. २००५ मध्ये त्यांनी 'मिनिमल वेव्ह' ही कंपनी काढली आणि पहिली तबकडी केली 'ऑपेनहायमर अॅनॅलिसिस' या इंग्रज जोडीची. त्यांनी १९८२ मध्ये 'न्यू मेक्सिको' नावाची कॅसेट घरगुती काढली होती. पहिला अणुस्फोट झाला तोच हा प्रांत. जोडीतला ऑपेनहायमर पुढे अण्वस्त्रांवरचा जाणकार म्हणूनच लिहू-बोलू लागला. आपण तेवीस वर्षांपूर्वी केलेली कॅसेट कोणी परकी बाई येऊन मागते, तेव्हा त्या माणसाला काय वाटत असेल, असा विचार माझ्या मनात आला आणि तिथून सगळं बिघडलं.

कारण १९८२ म्हटल्यावर मला मुंबई आठवते. त्याच वर्षी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलंडची नवी यंत्रं घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. कोणी विचारलं नाही. एका डच माणसाला ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि जग म्हणालं, अरे, शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये त्याच यंत्रावर केलं ते यांनी पाच वर्षं आधी केलं की! सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपात जाऊन ते वाजवून आले. २०१५ मध्ये गेले. पण जाण्याआधी टाळ्या ऐकून गेले.

आणि त्याच मुंबईत, त्याच १९८२ मध्ये, जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि आमचा दादा घरी बसला. तो गिरणीत इलेक्ट्रिकच्या खात्यात होता. दोन महिने त्यानं वाट पाहिली. मग लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले, एका मासिकातला नकाशा समोर ठेवला आणि प्लायवुडच्या फळीवर दारावरच्या घंटीची तेरा बटणं ठोकून एक वाद्य केलं. एका वेळी एकच स्वर वाजायचा, तोही वाद्याची मर्जी असली तर. सगळे झोपल्यावर दादा ते स्वयंपाकघरात घेऊन बसे. शेजाऱ्यांनी मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर मागून आणून त्यानं एक कॅसेट भरली.

१९८३ च्या पंचवीस जूनला मला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची कॉमेंट्री टेप करायची होती. घरात कॅसेट एकच होती. कपिल देवनं रिचर्ड्सचा तो झेल घेतला, त्याखाली दादाचं संगीत गेलं. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं. तो एवढंच म्हणाला, "असू दे. झेल बरा घेतला." संप मोडला, गिरणी पुन्हा काही उघडली नाही, वाद्य माळ्यावर गेलं, आणि दादा जाऊनही आता बारा वर्षं झाली.

हे मी भाच्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर तो माळ्यावर चढला. माझ्या दोनशे ऐंशी प्रतींच्या मागे कॅसेट होती. त्यानं मित्राकडून टेप आणला. कॉमेंट्री लागली. होल्डिंग बाद झाला, गलका झाला, आणि खट्. नाचायला उठताना मी बटण दाबलं होतं. त्यापुढची टेप तशीच राहिली होती.

चार मिनिटं आहेत. समीक्षक म्हणून सांगतो, ठेका धड नाही, सूर एक बटण सोडून सगळे उतरलेले, चाल मध्येच विसरलेली. मागे पहाटेच्या नळाचं पाणी बादलीत पडतंय आणि कोणीतरी स्टोव्हला पंप मारतंय. खोली मात्र अशी ऐकू येते, की मला कोपऱ्यातला माठ दिसला. आता चाल पुन्हा सापडणार असं वाटतं, तेवढ्यात एक तरुण, वैतागलेला आवाज येतो.

"दादा, बंद कर रे ते आता!"

पांढरी चार.

पुढे टेप रिकामी आहे. भाचा माझ्याकडे न बघता बटणाशी खेळत बसला. आत फ्रीज सुरू झाला.

"परत लाव," मी म्हटलं.