देखणा डॉक्टर हरतो तेव्हा

अमेरिकन टीव्हीवरच्या वैद्यकीय मालिकांचा विषय निघाला की आधी नायकांचे चेहरे आठवतात: रिचर्ड चेंबरलेन, जॉर्ज क्लूनी, पॅट्रिक डेम्प्सी. हे चेहरे म्हणजे वरवरचं आकर्षण, असं म्हणून त्यांना बाजूला सारलं जातं. मला ते पटत नाही. रक्ताकडे आणि मरणाकडे माणूस आपणहून बघत नाही; देखण्या नायकाच्या मागोमाग तो वॉर्डात शिरतो. आत नेल्यावर मालिका त्याला काय दाखवते, यावर तिची खरी किंमत ठरते.

1961 साली 'डॉ. किल्डेअर' आणि 'बेन केसी' या दोन मालिका सुरू झाल्या आणि 1966 साली दोन्ही संपल्या. चेंबरलेन यांचा किल्डेअर सोज्वळ आणि मृदू, तर व्हिन्स एडवर्ड्स यांचा केसी तापट मेंदूशल्यविशारद. दोघांच्या डोक्यावर वडीलधारा गुरू होता, एकाला डॉ. गिलेस्पी, दुसऱ्याला डॉ. झोर्बा. तरुण डॉक्टरनं गुरूकडून शिकावं, हा साचा तेव्हा पक्का झाला. मात्र त्या काळात अमेरिकन मेडिकल असोसिएशनची समिती मालिकांच्या संहिता तपासत असे. तपशील त्यामुळे अचूक झाले आणि डॉक्टर जवळजवळ देव झाला. 'मार्कस वेल्बी'नं हाच देव घरोघर नेला. 1970-71 च्या हंगामात अमेरिकेत सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका तीच होती.

या प्रतिमेची किंमत नटांनाही मोजावी लागली. लाखो तरुणींच्या मनातला नायक असलेल्या चेंबरलेन यांना आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगायला 2003 सालचं आत्मचरित्र उजाडावं लागलं. 2025 च्या मार्चमध्ये, वयाच्या नव्वदीत त्यांचं निधन झालं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी स्वतःबद्दलचं सत्य दडवून काढली, ही गोष्ट त्या काळाबद्दल पुष्कळ काही सांगते.

देवाला जमिनीवर आणलं 1982 साली सुरू झालेल्या 'सेंट एल्सव्हेअर'नं. बॉस्टनमधलं मोडकळीला आलेलं रुग्णालय, थकलेले डॉक्टर, अर्धवट सुटलेल्या केसेस. 1986 साली या मालिकेनं आपल्या सर्वात देखण्या डॉक्टरला, मार्क हार्मन यांनी रंगवलेल्या बॉबी काल्डवेलला, एड्स झाल्याचं दाखवलं. त्याच वर्षी 'पीपल' साप्ताहिकानं हार्मन यांना सर्वात आकर्षक पुरुष ठरवलं होतं. ज्या रोगाचं नाव घ्यायला लोक कचरत, तो त्यांच्या लाडक्या चेहऱ्यावर येऊन बसला. सौंदर्याचा इतका धाडसी उपयोग या परंपरेत दुसरा नाही.

1994 सालच्या 'ईआर'नं या कलेला तिची भाषा दिली. मालिकेचे जनक मायकेल क्रायटन स्वतः हार्वर्डमधून वैद्यकी शिकलेले. धावत्या स्ट्रेचरबरोबर कॅमेरा धावू लागला. वैद्यकीय शब्द अर्थ न सांगता कानावर आदळू लागले. क्लूनी इथेच घराघरांत पोचले. पण मालिकेचा कळस गाठला अँथनी एडवर्ड्स यांच्या साध्या चेहऱ्याच्या डॉ. ग्रीननं. 'लव्हज लेबर लॉस्ट' या 1995 सालच्या भागात गरोदर बाईचा प्रीएक्लॅम्प्सिया हा धोकादायक विकार त्याच्या नजरेतून निसटतो. मूल वाचतं, आई जाते. हा भाग लिहिणारे लान्स जेंटील स्वतः डॉक्टर होते, आणि ते प्रत्येक दृश्यात जाणवतं.

असे भाग विरळाच. 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या अभ्यासात दिसलं, की टीव्हीवर छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचे 75 टक्के प्रयत्न तात्पुरते तरी यशस्वी होतात. खऱ्या रुग्णालयात हे प्रमाण बरंच कमी असतं. 'ईआर'ही त्या अभ्यासात होती. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात अशी खोटी आशा पेरणं हा कलेचाच दोष आहे.

2005 सालच्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'चं श्रेय मोठं आहे: शोंडा राइम्स यांनी गोष्ट स्त्रीच्या नजरेतून सांगितली आणि देखणा डॉक्टर तिच्या नजरेचा विषय झाला. पण हळूहळू रोगी प्रेमप्रकरणांची पार्श्वभूमी होऊन बसले. 2015 साली डेम्प्सी यांचा शेपर्ड मेला तेव्हा प्रेक्षक रडले ते प्रियकरासाठी.

म्हणूनच 2025 सालची 'द पिट' मोलाची वाटते. पहिल्या हंगामात एकच पाळी, पंधरा तास, पंधरा भाग. 'ईआर'मधला कोवळा विद्यार्थी कार्टर साकारणारे नोआ वायली इथे पन्नाशीचे गुरू आहेत, आणि कोविडच्या आठवणींनी हा गुरू कोसळतो. एमी पुरस्कारांत मालिका आणि वायली, दोघांचाही गौरव झाला तो योग्यच.

माझा निवाडा सरळ आहे: ज्या मालिकेनं आपल्या नायकाला चुकू दिलं, हरू दिलं, तीच टिकली. या साऱ्या परंपरेतला एकच भाग पाहायला वेळ असेल, तर 'लव्हज लेबर लॉस्ट' जरूर पाहा.