‘भाऊबंदकी’ आणि धोडपची लढाई

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या गद्य नाटकाने पेशव्यांच्या गृहकलहाविषयीच्या लोकसमजुतीला पक्के रूप दिले. नारायणरावाचा वध, आनंदीबाईची महत्त्वाकांक्षा आणि रामशास्त्र्यांची निर्भीडता यांवर त्याची उभारणी आहे. आनंदीबाईच्या चित्रणावर लेडी मॅकबेथची छाया पडल्याचे समीक्षकांनी दाखविलेच आहे. तथापि नाटकाच्या नावातच जो प्रश्न दडलेला आहे, त्याला नाटककाराने पुरेसा न्याय दिलेला नाही, असे म्हणावे लागते.

भाऊबंदकी हा मुळात वतनाच्या वाटणीचा शब्द. पेशवेपद हे वतनासारखे भावाभावांत विभागता येण्याजोगे आहे की ते अविभाज्य अधिकारपद आहे, हाच काका-पुतण्यांतील खरा वाद होता. रघुनाथरावाने दौलतीत निम्मा वाटा मागितला, माधवरावाने वाटणीच नाकारली. १७६२ मध्ये आळेगावी निजामाच्या पाठबळावर काकाची सरशी झाली. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनी दोघे निजामाविरुद्ध एकत्र लढले. अखेर जून १७६८ मध्ये नाशिक जिल्ह्यातील धोडप किल्ल्यापाशी माधवरावाने रघुनाथरावाचा पराभव केला व त्याला पुण्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

या लढाईत रघुनाथराव एकटा नव्हता. दमाजी गायकवाडाने पुत्र गोविंदराव याजबरोबर फौज पाठविली होती, नागपूरकर जानोजी भोसल्यांचा कलही त्याच बाजूस होता. म्हणजे एका घराण्यातील फूट हे इतर घराण्यांचे भांडवल होते. दमाजीच्या निधनानंतर (१७६८) गोविंदराव आणि फत्तेसिंग यांच्यात वारशाचा तंटा पेटला, तेव्हा गोविंदरावाने रघुनाथरावाचीच कास धरली. फ्रान्समध्ये १४०७ साली बर्गंडीच्या ड्यूक जॉनने चुलतभाऊ ऑर्लेआंच्या लुईचा खून करविला, आणि पुढे बर्गंडीचे घराणे इंग्रजांना जाऊन मिळाले. रघुनाथरावाचा १७७५ चा सुरतेचा तह पाहता हे साम्य वरवरचे वाटत नाही.

नाटकात मात्र वधाचे मूळ मनोविकारांत शोधले जाते. त्यामुळे नाट्य तीव्र झाले, रामशास्त्र्यांच्या प्रसंगाला विलक्षण तेज चढले, हे मान्य केलेच पाहिजे. सुरतेच्या काँग्रेसमधील फूट (१९०७) ताजी असताना प्रेक्षकांना दुहीचे दुष्परिणाम दिसावेत, हा हेतूही समजण्याजोगा आहे. परंतु धोडपला तलवारीने जो प्रश्न मिटविला गेला, तो माधवरावाच्या मृत्यूनंतर (१७७२) अवघ्या नऊ-दहा महिन्यांत शनिवारवाड्यात पुन्हा का उद्भवावा, याचे उत्तर एका स्त्रीच्या मोहात सापडत नाही. माधवरावाच्या विजयाने माणूस कैद झाला, वाटणीचा हक्क मात्र कोणत्याही व्यवस्थेने रद्द झाला नाही. नाटकातील आनंदीबाई ही या पोकळीची भरपाई आहे. तिच्यावर दोष ठेवला की दौलतीच्या घडणीकडे पाहावे लागत नाही.

इतिहासातील आनंदीबाई १७९४ मध्ये नाशिकजवळच्या आनंदवल्ली येथे वारली. पती निवर्तून तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती. तिच्या या उत्तरायुष्याकडे मराठी नाटककारांचे फारसे लक्ष गेलेले नाही.