नावे देणारे आणि न देणारे

आर्थर मिलरचे 'द क्रूसिबल' हे नाटक आणि एलिया कझानचा 'ऑन द वॉटरफ्रंट' हा चित्रपट यांचा विचार आपल्याकडे सहसा वेगवेगळा होतो. नाटक इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे, चित्रपट फिल्म सोसायटीवाल्यांकडे, अशी वाटणी होऊन गेली आहे. मला मात्र या एकाच तंट्यातल्या दोन कैफियती वाटतात. दोन्ही समोर ठेवल्याखेरीज एकीचाही नीट निवाडा करता येणार नाही, असे माझे मत आहे.

तंटा कशाचा, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १९३८ साली 'अमेरिकाविरोधी कारवायां'च्या चौकशीसाठी एक समिती नेमली. महायुद्ध संपून रशियाशी शीतयुद्ध सुरू झाल्यावर तिचा रोख हॉलिवूडकडे वळला. १९४७ मध्ये उत्तरे देण्याचे नाकारणाऱ्या दहा लेखक-दिग्दर्शकांना पुढे तुरुंगात जावे लागले आणि चित्रसंस्थांनी काळ्या यादीचा रिवाज सुरू केला. या साऱ्याला आपण सरसकट 'मॅकार्थीवाद' म्हणतो; पण जोसेफ मॅकार्थी होता सिनेटर. तो १९५० च्या फेब्रुवारीत प्रकाशात आला, १९५४ च्या डिसेंबरात सिनेटने त्याची निर्भर्त्सना केली आणि तो विझला. प्रतिनिधिगृहाची समिती त्याच्या आधीपासून होती आणि त्याच्या नंतरही राहिली. तेव्हा सगळे खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडून मोकळे होता येत नाही.

या समितीची रीत मोठी विलक्षण होती. 'मी एकेकाळी कम्युनिस्ट पक्षात होतो,' एवढे कबूल करून साक्षीदाराची सुटका होत नसे. बरोबर आणखी कोण होते, त्यांची नावे सांगा, म्हणजे तुमचा पश्चात्ताप खरा! वास्तविक बरीचशी नावे समितीच्या दप्तरी आधीच असत. माहिती मिळवण्यापेक्षा साक्षीदाराची मान लवलेली पाहण्यातच समितीला अधिक रस होता.

कझानने मिलरची 'ऑल माय सन्स' आणि 'डेथ ऑफ अ सेल्समन' ही दोन्ही नाटके बसवली होती; दोघे जिवलग मित्र. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात कझान सुमारे दीड वर्ष पक्षात होता. १९५२ च्या जानेवारीत समितीपुढे त्याने नावे देण्याचे नाकारले. एप्रिलमध्ये मात्र 'ग्रुप थिएटर'मधल्या आठ जुन्या सोबत्यांची नावे दिली, आणि दोनच दिवसांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आपल्या कृतीचे समर्थनही केले. त्याच सुमारास मिलर मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी जुने दप्तर चाळायला गेला. १६९२ साली तिथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिले होते, आणि आरोपाला उत्तर देईना म्हणून जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारले होते. त्या दप्तरातून 'द क्रूसिबल' निघाले. १९५३ च्या जानेवारीत ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले.

या नाटकाची ख्याती शेवटच्या अंकावर उभी आहे. जॉन प्रॉक्टर जीव वाचवण्यासाठी खोटी कबुली द्यायला तयार होतो. पण इतरांची नावे तो सांगत नाही, आणि आपल्या सहीचा कागद चर्चच्या दारावर लागणार म्हटल्यावर तो कागदच फाडून टाकतो. माझे नाव तेवढे मला राहू द्या, अशी त्याची विनवणी आहे. मराठी वाचकाला हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे 'नाव' म्हणजे हाक मारायचे नावही आणि अब्रूही. नाव राखतात, नाव घालवतात, नाव ठेवतात. आपल्या शेजारच्या कन्नडातही 'हेसरु' या शब्दात हे दोन्ही अर्थ नांदतात.

असे असूनही नाटकाचा गाभा मला पहिल्या अंकात सापडतो, आणि त्याविषयी समीक्षक फारसे बोलत नाहीत याचे नवल वाटते. पाद्र्याच्या घरची गुलाम स्त्री टिटुबा हिला चाबकाची आणि फासाची धमकी दिली जाते. सैतानाबरोबर कोण होते, असे विचारले जाते. तिला कोणाचे नाव सुचत नाही, तेव्हा जमिनीला हपापलेला पटनम दोन बायकांची नावे स्वतःच पुढे सरकवतो. थोड्या वेळाने टिटुबाच्या तोंडून नेमकी तीच नावे बाहेर पडतात. समितीचे सारे कामकाज या पानभर संवादात आले आहे. पुढे मात्र मिलर टिटुबाला विसरतो. शेवटच्या अंकात तुरुंगातल्या एका छोट्या प्रवेशापुरती ती येते. ज्यांना गमावण्याइतके नाव समाजाने मुळी दिलेलेच नाही, त्यांनी काय करावे, याचे उत्तर प्रॉक्टरच्या धीरोदात्त मरणात मिळत नाही.

दुसरा दोष अधिक ढोबळ आहे. इतिहासातली ॲबिगेल होती अकरा-बारा वर्षांची आणि प्रॉक्टर साठीच्या घरातला. मिलरने तिला सतराची केले, त्याला पस्तिशीचा केले आणि दोघांत शरीरसंबंध घातला. नाट्य वाढले हे खरे. परंतु गावाची जमिनीची हाव, न्यायाधीशांचा ताठा, साऱ्यांचे भय ही कारणे मागे सरून एका झिडकारलेल्या पोरीचा सूड पुढे आला. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेबाईंची शिकार पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला ही उलटी मांडणी खटकल्याशिवाय राहत नाही.

आता दुसरी कैफियत. गोदीकामगारांवर चित्रपट काढायचा ही कल्पना मूळची मिलर आणि कझान या दोघांची. संघटनेतले गुंड कम्युनिस्ट दाखवा, असा चित्रसंस्थेचा आग्रह सुरू झाल्यावर १९५१ मध्ये मिलर बाहेर पडला. पुढे कझानने बड शूलबर्ग या लेखकाला हाताशी धरून १९५४ मध्ये 'ऑन द वॉटरफ्रंट' काढला. शूलबर्गनेही समितीला नावे दिली होती. संघटनेचा म्होरक्या झालेला ली जे. कॉब यानेही १९५३ मध्ये नावे दिली. आणि १९४९ साली मिलरचा पहिला विली लोमन रंगवणारा नट तोच! अशा मंडळींनी मिळून, साक्ष देणारा माणूसच खरा शूर, अशी कथा सांगितली. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. मार्लन ब्रँडोचा टेरी, आपण केले ते बरेच केले, असे गोदीवर ओरडून सांगतो तेव्हा ते आपणच बोलत होतो, असे कझानने १९८८ च्या आत्मचरित्रात कबूल केले आहे.

तरीही मी हा चित्रपट टाकाऊ म्हणणार नाही. साक्षीनंतर टेरी घराच्या गच्चीवर येतो, तर त्याच्यावर जीव टाकणाऱ्या पोराने त्याची सारी कबुतरे मारून टाकलेली असतात. चुगली केल्यावर वाट्याला येणारे एकटेपण इतक्या सच्चेपणाने दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. इथे कझानने स्वतःला सूट दिलेली नाही.

मग माझी तक्रार काय? दोघांनीही आपापल्या सोयीची गोष्ट निवडली, ही. सेलममध्ये चेटकिणी नव्हत्याच. त्यामुळे नाव न देणारा निःसंशय निर्दोष ठरतो. होबोकेनच्या गोदीत खरे खुनी होते. त्यामुळे नाव देणारा निःसंशय योग्य ठरतो. समितीसमोरची माणसे या दोहोंत बसत नव्हती. त्यांतले पुष्कळजण खरोखरच पक्षात होते, काहींनी स्टालिनच्या रशियाविषयी डोळे मिटून घेतले होते. आणि कायद्याने शिक्षा व्हावी असे काही त्यांनी केलेलेही नव्हते. कझानच्या त्या आठ सोबत्यांनी कोणाचा खून केला नव्हता. म्हणून टेरीचा दाखला त्याला लागू पडत नाही, आणि दोघांत डावे-उजवे करायचेच झाले तर मी मिलरच्या बाजूला राहीन. त्याने नाटकात लिहिले तसे वागूनही दाखवले. १९५६ च्या जूनमध्ये समितीपुढे त्याने नावे देण्याचे नाकारले. १९५७ मध्ये अवमानाबद्दल तो दोषी ठरला आणि १९५८ मध्ये अपिलात सुटला.

ती अवघड गोष्ट पुढे लिहिली गेली, तीही मिलरच्याच हातून. १९६४ सालचे 'आफ्टर द फॉल' कझाननेच बसवले. त्यातल्या मॅगीमध्ये मेरिलिन मन्रो शोधण्यात प्रेक्षक इतके गढले की बाकीच्या नाटकाकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. नाटक विस्कळीत आहे, यात शंका नाही. पण त्यात मिकी नावाचा वकील आपल्या जुन्या मित्राला, लूला, सांगतो की मी समितीपुढे तुझे नाव घेणार आहे. लूने रशियावरच्या आपल्या पुस्तकात खोटे लिहिलेले असते, तरी त्याचा विश्वासघात होतो तो होतोच. पुढे लू रेल्वेखाली जातो. त्याचा बचाव करायला निघालेला नायक क्वेंटिन, त्या बातमीने आपल्याला क्षणभर सुटल्यासारखे वाटले, असे प्रेक्षकांसमोर सांगतो.