ताल कोणाचा, नाव कोणाचे?

टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्या चौघा गोऱ्या कलावंतांच्या संचाची 'रिमेन इन लाइट' ही ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९८० मध्ये निघाली. रॉकची गिटार आणि आफ्रिकी नृत्याचा ताल यांचा तिने मेळ घातला. 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा त्या वर्षाच्या ध्वनिमुद्रिकांत तिला तिसरे स्थान मिळाले. परंतु तिचे नवेपण कोठून आले आणि ते कोणाच्या नावावर जमा झाले, हे विचारल्याखेरीज तिचे मूल्यमापन पुरे होत नाही. ज्या चळवळीने १९७२ साली अमेरिकन काळ्यांच्या लढ्यावरून 'पँथर' हे नाव घेतले, तिच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

बहामातील नॅसो येथे ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा गाणी तयार नव्हती. वादक एखादा लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवीत. त्यावर दुसरा, तिसरा थर चढे. शब्द मागाहून आले. या रीतीमागे नायजेरियाचा फेला कुटी उभा होता. त्याची १९७३ ची 'अफ्रोडिसियाक' ही ध्वनिमुद्रिका संचापुढे नमुना म्हणून होती. गायक डेव्हिड बर्न याने वृत्तपत्रांकडे पाठविलेल्या निवेदनासोबत संदर्भग्रंथांची यादी जोडली. तीत आफ्रिकी तालावरील जॉन मिलर चेर्नॉफ यांचा ग्रंथ होता. ऋण लपविले गेले नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र ऋणाची कबुली वेगळी आणि श्रेयाची वाटणी वेगळी. पहिल्या वेष्टनावर रचनाकार म्हणून बर्न आणि निर्माता ब्रायन ईनो यांची नावे स्वतंत्रपणे आली. बाकीचे तिघे 'टॉकिंग हेड्स' या सामुदायिक नावात विरले. ढोल वाजविणारा ख्रिस फ्रान्ट्झ आणि बास वाजविणारी टीना वेमथ यांना हे खटकले. ज्या ध्वनिमुद्रिकेचा प्राणच ताल, तिच्यात ताल धरणाऱ्यांची ही गत. मग लागोसच्या वादकांचे काय?

याहून मोठा प्रश्न आशयाचा आहे. फेलाचा ताल लष्करी सत्तेशी झुंजत घडला. १९७७ साली सैनिकांनी त्याची वस्ती जाळली, त्याच्या आईला खिडकीतून फेकले. पुढच्या वर्षी ती वारली. न्यूयॉर्कला ताल पोचला. त्यामागची वेदना बव्हंशी मागे राहिली. येथील शब्द बहुतांशी मध्यमवर्गीय माणसाच्या गोंधळाचे आहेत. अपवाद 'लिसनिंग विंड'चा. आपल्या भूमीवर आलेल्या अमेरिकनांविरुद्ध बॉम्ब पाठविणाऱ्या माणसाकडे हे गाणे सहानुभूतीने पाहते. तेवढ्यापुरता हा संच आपल्या वर्गाबाहेर पडतो, आणि ते धाडस थोडे नव्हे.

मूळच्या बेनिनच्या गायिका अँजेलिक किजो यांनी २०१८ साली ही सारी गाणी नव्याने गायिली. त्या ध्वनिमुद्रिकेवर ढोल वाजविणाऱ्यांत टोनी ॲलन होता, फेलाच्या संचाचा मूळ तालकरी. किजो यांनी जुन्या कृतीची निंदा केली नाही. तिच्यातला आफ्रिकेचा वाटा आफ्रिकेच्या आवाजात ऐकवला. अडतीस वर्षांनी ताल त्याच्या धन्याच्या हाती आला.

घेणे हा गुन्हा नव्हे. कला देवघेवीवरच जगते. परंतु केवळ रूपाची वाहवा करून रूप घडविणाऱ्यांचा हिशेब न मागणारी समीक्षा ही घेणाऱ्याचीच भाट ठरते.