कोंड्याचा मांडा : भाताच्या कोंड्यावरील प्रतिऑक्सिडीकारक संशोधनाची चिकित्सा

भाताच्या कोंड्यातील फिनॉलिक संयुगे व त्यांची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता हा महाविद्यालयीन प्रयोगशाळांत वारंवार हाताळला जाणारा विषय आहे. या विषयावरील निबंधांची मांडणी बहुधा ठरलेली असते. कोंड्याचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला जातो, डीपीपीएच चाचणीत जांभळा रंग किती फिका पडला हे मोजले जाते आणि अखेरीस कोंडा आरोग्यास हितकारक असल्याचा निष्कर्ष मांडला जातो. निरीक्षण आणि निष्कर्ष यांमधील हे अंतर तपासणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न मापनाचा आहे. डीपीपीएच हा कृत्रिम व स्थिर मुक्त मूलक असून तो मानवी शरीरात आढळत नाही. फोलिन-सिओकाल्टो अभिकारक फिनॉलखेरीज क्षपणकारी शर्करा व ॲस्कॉर्बिक अम्ल यांच्याशीही क्रिया करतो. त्यामुळे 'एकूण फिनॉल' म्हणून दिलेला आकडा निव्वळ फिनॉलचा असतोच असे नाही.

दुसरा प्रश्न निष्कर्षणाचा आहे. कोंड्यातील फेरुलिक अम्लाचा मोठा भाग पेशीभित्तिकेला बद्ध असतो. अल्कलीने जलीय विच्छेदन केल्याशिवाय तो मोकळा होत नाही. केवळ मिथेनॉल अर्कावरून दोन वाणांची प्रतवारी लावणे म्हणूनच अपुरे ठरते.

नमुन्याचा इतिहासही महत्त्वाचा आहे. भात सडताच लायपेज एंझाइम स्निग्धांशाचे विघटन सुरू करते व कोंडा खवट होऊ लागतो. खेड्यातील हलर गिरणीत कोंड्यात तूस मिसळते. नमुना कोणत्या गिरणीतला व किती तासांनी स्थिर केला, याची नोंद नसेल तर त्या आकड्यांची तुलना अन्य आकड्यांशी करता येत नाही.

परीक्षानळीतील क्षमता शरीरातही तशीच प्रकट होईल, हे गृहीतक तर अधिकच दुर्बल आहे. शोषण व चयापचय यांत ही संयुगे बदलतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली 'ओरॅक' मूल्यांची सूची याच कारणास्तव मागे घेतली.

याचा अर्थ विषय निरर्थक आहे असा नव्हे. कोंड्याच्या तेलातील गॅमा-ओरायझेनॉलचा बराचसा भाग अल्कली शुद्धीकरणात नष्ट होतो. तो कसा टिकवावा, हा प्रश्न भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्याशी थेट निगडित आहे. अशा प्रश्नांची उत्तरे शोधणारे संशोधन शेतकरी व ग्राहक या दोघांच्याही उपयोगी पडेल. टंचाईत कोंड्याचा मांडा करणे हे गृहिणीचे कौशल्य होय. अपुऱ्या पुराव्याचा मांडा करणे हे मात्र संशोधकाचे कौशल्य ठरत नाही.